अंक वाचणारे पुस्तक विकत घेतात का? धुळ्याचे राजवाडे आणि माझ्या मामांचे खोके

पारोळ्याला माझ्या मामांच्या घरी पलंगाखाली पुस्तकांचे पाच खोके आहेत. मामा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले आणि मिळालेल्या पैशातून त्यांनी अहिराणी ओव्यांचा एक संग्रह छापला. पाचशे प्रती. त्याआधी दोन वर्षं ते एका स्थानिक साप्ताहिकात याच ओव्यांवर सदर लिहीत होते. सदर चांगलं गाजलं. एसटी स्टँडवर, बाजारात लोक थांबवून सांगायचे, ‘गुरुजी, लेख वाचला.’ पुस्तक आल्यावर शंभरेक प्रती भेट म्हणून गेल्या, चाळीसेक विकल्या गेल्या आणि उरलेल्या पलंगाखाली.

या दिवाळीत मामा मला म्हणाले, ‘लोके वाचतस, पन इकत लेतस नही. तू इंटरनेटवर लिखस, माले बी तसं काही काढी दे. मंग खपी का पुस्तक?’

मला उत्तर देता आलं नाही. माझं पीएच.डी.चं काम खानदेशातल्या छपाईच्या इतिहासावर आहे, म्हणजे निदान या एका प्रश्नावर तरी माझी बोबडी वळायला नको होती. म्हणून हा लेख. तुमच्यापैकी जे पेटच्या तयारीत आहेत किंवा सिनॉप्सिस लिहायला बसलेत, त्यांना यात आणखी एक गोष्ट सापडेल. ‘विषय’ आणि ‘प्रश्न’ यांत फरक काय, हे मुलाखतीत हमखास विचारतात. ‘स्वखर्चाने छापलेली पुस्तकं’ हा विषय झाला. मामांनी विचारला तो प्रश्न.

पण तो जसाच्या तसा घेतला तर तुम्ही फसाल, कारण त्यात तीन वेगवेगळ्या क्रिया एकत्र झाल्या आहेत. वाचणं, वर्गणी भरणं आणि विकत घेणं. आपण ‘वाचक’ म्हणून तिघांना एकाच पिशवीत टाकतो. जुन्या कागदांत मात्र ही तीन माणसं वेगळी दिसतात.

जळगावहून एरंडोल, पारोळा करत धुळ्याला उतरलात की राजवाडे संशोधन मंडळात जा. वि. का. राजवाडे यांचा मृत्यू ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच झाला आणि त्यांच्यामागे इथल्या लोकांनी १९२७ मध्ये हे मंडळ उभं केलं. राजवाडे आपल्याला ‘इतिहासाचार्य’ म्हणून माहीत असतात. जाड्याभरड्या कपड्यांत गावोगाव पायपीट करणारा, दप्तरं धुंडाळणारा, स्वतःचा स्वयंपाक स्वतः करणारा माणूस. या चित्रातून एक गोष्ट निसटते. हा माणूस आयुष्यभर छपाईचा खर्च कसा भागवायचा या विवंचनेतही होता. इंग्रजीत लिहिलं असतं तर संस्था आणि सरकारदरबारी दार थोडं किलकिलं झालंही असतं. त्यांनी मराठीतच लिहायचं ठरवलं आणि मराठीत असल्या पुस्तकाला गिऱ्हाईक किती, हे तुम्हीच सांगा.

इतिहासाकडे वळण्याआधी, १८९५ च्या सुमारास, त्यांनी ‘भाषांतर’ नावाचं मासिक काढलं होतं. परदेशी भाषांतले थोर ग्रंथ मराठीत आणायचे, हा हेतू. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’चं भाषांतर त्यांनी त्यात दिलं. मासिक तीनेक वर्षं चाललं आणि बंद पडलं. लगोलग, १८९८ मध्ये, ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड आला. पानिपतच्या आधीच्या दशकातली पत्रं आणि त्यांना जोडलेली लांबलचक प्रस्तावना. पुढे या मालेचे एकूण २२ खंड निघाले.

आता मामांच्या चष्म्यातून बघायचं तर म्हणता येईल की आधी मासिक, मग पुस्तक. म्हणजे मासिकाने वाचक तयार केला आणि पुस्तकाला तो मिळाला. सरळ वाटतं, पण मला हे पटत नाही. प्लेटो वाचायला वर्गणी भरणारा माणूस पेशवाईतली पत्रं वाचायलाही पैसे देईल, असं कुठे आहे? आणि मासिकाची वर्गणी पुरत असती तर मासिक बंद कशाला पडलं असतं?

साधनांचे खंड निघाले कसे हे पाहिलं की खरी यंत्रणा कळते. ते एका प्रकाशकाकडून आले नाहीत. वेगवेगळ्या गावांतून, वेगवेगळ्या माणसांच्या आणि संस्थांच्या मदतीने आले. त्यातले काही कोल्हापूरहून, विष्णू गोविंद विजापूरकर यांच्या ‘ग्रंथमाला’ या मासिकातून छापले गेले. इथे जरा थांबू, कारण हे ‘मासिक’ म्हणजे आज आपण समजतो तसं मासिक नव्हे.

त्या काळी अशी बरीच मासिकं होती. सगळ्यांत महत्त्वाचं पुण्याचं ‘काव्येतिहाससंग्रह’. काशिनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक वगैरे मंडळींनी १८७८ ते १८८८ ते चालवलं. अनेक बखरी पहिल्यांदा छापून आल्या त्या त्यातच. पद्धत अशी की एका अंकात दोन-तीन ग्रंथांची थोडी थोडी पानं द्यायची. बखरीची सोळा पानं, काव्याची सोळा पानं, असं. प्रत्येक ग्रंथाचे पृष्ठांक स्वतंत्र आणि पुढच्या अंकात मागून चालू. वर्ष-दोन वर्षांनी वर्गणीदाराने अंक सुटे करायचे, बखरीची पानं एकीकडे, काव्याची एकीकडे, आणि बाइंडरकडे द्यायची. झालं पुस्तक.

म्हणजे काय झालं ते लक्षात घ्या. मासिक ही पुस्तकाची जाहिरात नव्हती. मासिक म्हणजेच पुस्तकाची विक्री होती, तीसुद्धा पुस्तक पूर्ण होण्याआधी. वर्षाची वर्गणी आधी गोळा झाली की कागद आणि खिळे जुळवणाऱ्याची मजुरी निघायची. उरलेल्या प्रतींचे खोके नंतर पलंगाखाली गेले तरी छापखान्याचं बिल बऱ्यापैकी फिटलेलं असायचं.

याला टपालखात्याने हातभार लावला. व्हॅल्यू पेएबल पोस्ट, आपली ‘व्ही. पी.’, भारतात १८७७ मध्ये आली आणि टपालाची मनिऑर्डर १८८० मध्ये. त्यामुळे पुण्या-कोल्हापूरच्या संपादकाला खानदेशातल्या वकिलाकडून, मामलेदार कचेरीतल्या कारकुनाकडून चार आणे, रुपया घरबसल्या मिळू शकायचा. पुस्तकविक्रीच्या इतिहासात पोस्टमनला एक प्रकरण द्यायला हवं असं माझं मत आहे, गाईडचं नाही.

यंत्रणेला भोकंही होती. वर्गणी भरतो म्हणून अंक मागवायचे आणि पैसे थकवायचे, व्ही. पी. आली की परत पाठवायची. जुन्या मराठी अंकांत ‘थकबाकीदारांस विनंती’ अशा अर्थाच्या सूचना इतक्या वेळा भेटतात की वाचताना हसू येतं. काढणाऱ्याला येत नसणार. ‘काव्येतिहाससंग्रह’ अकरा वर्षांत थांबलं, ‘ग्रंथमाला’ही थांबली.

म्हणूनच आजच्या फुकट लिखाणाची तुलना या मासिकांशी करताना जपायला हवं. दिसायला दोन्ही ठरावीक काळाने येणारं लेखन आहे. पण ‘ग्रंथमाले’चा वाचक आधी खिशात हात घालून मग वाचत होता. मामांच्या सदराचा वाचक दुसऱ्याने घेतलेलं साप्ताहिक केशकर्तनालयात वाचत होता. इंटरनेटवरचा वाचक तर काहीच देत नाही. (तुम्हीही हे फुकटच वाचताय. राग नाही.)

मग नियतकालिकातल्या लेखनाने राजवाड्यांना काय दिलं? माझ्या वाचनात उत्तर असं येतं की त्याने त्यांना कागद दिले. ७ जुलै १९१० रोजी त्यांनी खंडेराव मेहेंदळे यांच्यासोबत पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलं. मंडळाची वार्षिक इतिवृत्तं आणि संमेलनवृत्तं चाळून पाहा. गावोगावचे लोक घरातलं एखादं जुनं पत्र, एखादी सनद, देवळातला शिलालेख यांवर टिपण करून पाठवतायत आणि ते छापून येतंय. छापून आलं की शेजारच्या गावातला माणूस आपल्या माळ्यावरचं दप्तर उतरवतो. या लोकांनी किती प्रती विकत घेतल्या हा भाग वेगळा, पण त्यांनी पुढच्या खंडाचा कच्चा माल दिला.

धुळ्यात तर हे आणखी पुढे गेलं. पुण्यातल्या मतभेदांनंतर राजवाड्यांचा मुक्काम शेवटी इथे होता. ते गेले तेव्हा मागे टिपणांचे ढीग होते. त्यांचे ‘धातुकोश’ आणि ‘नामादिशब्दव्युत्पत्तिकोश’ त्यांच्या मृत्यूनंतर या कागदांतून धुळ्याच्या मंडळाने बाहेर आणले. मंडळाचं ‘संशोधक’ हे नियतकालिक भास्कर वामन भट आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या धडपडीतून उभं राहिलं. आणि १९९० च्या दशकात मु. ब. शहा यांच्या संपादनाखाली राजवाड्यांचं समग्र साहित्य १३ खंडांत निघालं, तेही धुळ्याहूनच. ज्याला आपण ‘चाहते’ म्हणतो त्यांनी लेखकाच्या हयातीत पुस्तक घेतलं असेल नसेल, पण त्याचं सामान सत्तर वर्षं सांभाळलं. याला विक्रीच्या कोणत्या रकान्यात टाकणार?

इथे कोणीतरी हात वर करून टिळकांचं नाव घेईल. घ्यायलाच हवं. ‘गीतारहस्य’ हे टिळकांच्या घरचंच प्रकाशन. पहिली आवृत्ती जून १९१५ मध्ये आली आणि त्याच वर्षी दुसरी काढावी लागली. हातात ‘केसरी’ होता. मग नियतकालिकाने पुस्तक खपवलं की नाही?

हा पुरावा वरवर जोरदार आहे आणि म्हणूनच धोक्याचा. सहा वर्षं मंडालेच्या तुरुंगात काढून १९१४ मध्ये सुटून आलेल्या माणसाने तिथे पेन्सिलीने लिहिलेलं पुस्तक. महाराष्ट्रभर त्याची वाट पाहिली जात होती. ‘केसरी’ नसता तर दुसरी आवृत्ती सहा महिन्यांऐवजी वर्षाने लागली असती का? हे वेगळं काढून दाखवता येत नाही. दोन गोष्टी एकत्र घडल्या म्हणजे एक दुसरीचं कारण, असं लिहिलंत तर आरआरसीसमोर पहिल्या पाच मिनिटांत अडकाल. मी अडकले होते. फक्त माझं उदाहरण वेगळं होतं.

नियतकालिक स्वतःचं नसेल तर आणखी एक अडचण. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पूर्ण केला. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या ‘दीनबंधु’त त्यातली पहिली दोन प्रकरणं छापून आली आणि पुढची थांबली. लोखंडे काही विरोधी गोटातले नव्हते, सत्यशोधक चळवळीतलेच. पण संपादकाला जे झेपतं तेवढंच तो छापतो. मामांच्या सदराचंही थोडं असंच झालं. शिव्या असलेल्या ओव्या संपादकांनी गाळल्या, आणि मामांच्या मते त्याच सगळ्यांत चांगल्या होत्या.

जळगाव जिल्ह्यातलं उदाहरण हवं तर अमळनेरला चला. साने गुरुजी १९२४ मध्ये तिथल्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक काढू लागले. दैनिक, हे पुन्हा वाचा. रोज हाताने लिहायचं, मुलांनी वाचायचं. पुढे १९२८ मध्ये ‘विद्यार्थी’ हे छापील मासिक आलं. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले आणि १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. त्या पुस्तकाच्या प्रकरणांना ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ अशी नावं आहेत. संध्याकाळी मुलं गोल करून बसलीत आणि कोणी गोष्ट सांगतोय, असा सगळा बाज. हस्तलिखित अंक कोणी विकत घेतला नव्हता, त्यामुळे त्याने पुस्तक ‘खपवलं’ म्हणणं हास्यास्पद होईल. पण रोज त्याच मुलांसाठी लिहून लिहून हात कोणत्या वाचकाला सरावला, ते पुस्तकात दिसतं असं मला वाटतं. हा माझा अंदाज आहे, पुरावा नाही. प्रबंधात तो मी याच शब्दांत लिहिला आहे. जाता जाता, गुरुजींनी राजवाड्यांचं चरित्रही लिहिलं आहे. अमळनेर ते धुळे फार लांब नाही.

बहिणाबाईंचं उलटं. ना अंक, ना सदर. सोपानदेवांनी उतरवून ठेवलेली गाणी आचार्य अत्र्यांच्या हाती पडली आणि १९५२ मध्ये त्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ निघालं, बहिणाबाई गेल्यानंतर. हजार वाचकांऐवजी एकच वाचक, पण कोण!

आता कामाचं. असा प्रश्न घेऊन तुम्ही बसलात तर पुरावा कुठे शोधाल?

१८६७ च्या छापखाने आणि पुस्तक नोंदणी कायद्याने प्रत्येक पुस्तकाची सरकारदरबारी नोंद करावी लागे आणि प्रांताप्रांतांच्या त्रैमासिक याद्या छापल्या जात. (हा कायदा २०२३ च्या नव्या कायद्याने रद्द झाला.) यादीत नाव, भाषा, लेखक, मुद्रक, प्रकाशक, पृष्ठसंख्या, आवृत्ती, किंमत आणि किती प्रती छापल्या हेही असतं. शेवटच्या रकान्यात स्वामित्वहक्क कोणाकडे, त्याचं नाव आणि राहण्याचं ठिकाण. तिथे आणि प्रकाशकाच्या जागी लेखकाचंच नाव दिसलं तर पुस्तक स्वखर्चाचं असण्याची शक्यता मोठी. मुंबई इलाख्याच्या याद्यांत खानदेशचे छापखाने असे गोळा करता येतात. मी पहिल्या वर्षी हा ‘प्रती’चा रकाना पाहून हरखले होते आणि छापलेल्या प्रती म्हणजे खपलेल्या प्रती समजून आख्खा तक्ता तयार केला. गाईडने एकच विचारलं, ‘तुझ्या मामांनी किती छापल्या?’ तक्ता फाडला.

खपाचा पुरावा जास्त करून वेष्टनावर असायचा. अंकाच्या रंगीत कव्हरवर किंमत, वर्गणीचे दर, ‘मागील अंक शिल्लक आहेत’, थकबाकीच्या सूचना, वर्गणी पोचल्याची नावं. आणि बाइंडिंग करताना सगळ्यांत आधी काय फाडून टाकतात? हेच वेष्टन. वाचनालयात छान चामडी पुठ्ठ्यातला संच मिळाला की संशोधकाने खूश व्हायच्या आधी कव्हरं आहेत का ते बघावं. एखाद्या जुन्या घरातला, कडा कुरतडलेला सुटा अंक कधी कधी जास्त बोलतो.

तिसरी जागा म्हणजे वाचनालयांची दाखल-नोंद. जळगावचं व. वा. वाचनालय, धुळ्याचं गरुड वाचनालय अशा जुन्या संस्थांत पुस्तक कधी आलं, विकत घेतलं की भेट मिळालं, हे नोंदवहीत लिहायची रीत असते. ‘भेट’ आणि ‘खरेदी’ हे दोन शब्द आमच्या विषयात सोन्याच्या मोलाचे आहेत. अशा वह्या बघायला मागताना गाईडचं पत्र, ओळखपत्राची झेरॉक्स आणि भरपूर वेळ घेऊन जा. ग्रंथपालांशी आधी चहा घ्या.

आणखी एक, आजचं. प्रबंध जमा केल्यावर तुम्हाला फोन येतील, ‘सर, आयएसबीएनसह पुस्तक करून देतो, एवढे एवढे हजार.’ आयएसबीएन भारतात राजा राममोहन रॉय एजन्सीकडून मोफत मिळतो, लेखकाने स्वतः अर्ज केला तरी. त्या नंबरासाठी पैसे मोजू नका. छपाईसाठी मोजायचे तर मोजा, पण किती प्रती कोणासाठी हे आधी लिहून काढा.

मागच्या रविवारी मी हे सगळं घेऊन पारोळ्याला गेले. ब्लॉग काढून देईन म्हटलं, पण त्याने खोके रिकामे होतील असं सांगता येत नाही, हेही म्हटलं. मामा गप्प बसले. मग मी विचारलं, सदर चालू असताना लोक नुसतं ‘वाचला’ एवढंच म्हणायचे की आणखी काही?

ते उठले आणि एक जुनी एलआयसीची डायरी घेऊन आले. सदर वाचून ज्यांनी आपापल्या आईच्या, आजीच्या ओव्या पाठवल्या, त्यांची नावं, गावं आणि फोन नंबर त्यात होते. बेटावद, कासोदा, भडगाव, शिरपूर, सुरतेला गेलेले दोघं-तिघं. मी मोजली तर एकसष्ट नावं भरली. संग्रहातल्या बऱ्याच ओव्या याच लोकांकडून आलेल्या. पुस्तकाच्या शेवटी त्यांचे आभारही मानलेत, बारीक टाइपात.

‘मामा, यातल्या किती जणांना पुस्तक निघाल्याचं कळवलं?’

मामांनी चष्मा काढला, धोतराला पुसला. ‘एकले बी नही वं माय,’ म्हणाले आणि फोन कुठे ठेवलाय ते शोधू लागले.